संगणक-कक्षातील गाळणी

पावसाळा लागला म्हणजे वेण्णेचे पाणी गढूळ होते आणि मेढ्यात घरोघरी हंड्याच्या तोंडावर दुपदरी फडके बांधले जाते. हे फडके कशासाठी, असे कोणी विचारीत नाही. पाण्यावाचून चालावयाचे नाही, आणि गढूळ पाणी पिऊनही चालावयाचे नाही. तेव्हा पाणी घरात घ्यावयाचे, पण गाळून घ्यावयाचे, हा शहाणपणा आमच्या आयाबायांनी काही पुस्तकातून घेतलेला नाही. फडके फार विरळ असेल तर गाळ आत येतो. फार घट्ट असेल तर हंडा भरत नाही व घरची माणसे तहानलेली राहतात. या दोहोंच्या मधले फडके निवडणे, हीच काय ती त्यातील कला.

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात इंटरनेट आले तेव्हा हाच प्रश्न निराळ्या रूपाने आमच्यापुढे उभा राहिला. पालकसभेत दोन मते पडली. कित्येकांचे म्हणणे असे, की मुलांच्या दृष्टीस नको ते पडण्यापेक्षा ही जोडणी नसलेली बरी. दुसरा पक्ष म्हणाला, की मुलांच्या हाती घरी मोबाईल आहेच, तेव्हा शाळेत बंदोबस्त करून काय लाभ? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. शेवटी असे ठरले, की जोडणी ठेवावी, परंतु ती एका गाळणीतून यावी. ही गाळणी म्हणजे काय, ती कशी बसविली, ती काय करू शकते व काय करू शकत नाही, आणि ती चालविताना आमच्याच हातून कोणती चूक घडली, हे विद्यार्थी व पालक या उभयतांस सांगावे, असे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम मूळ रचना समजून घेऊ. विद्यार्थी संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहितो, तेव्हा त्याचे यंत्र प्रथम त्या नावाचा अंकी पत्ता शोधते. टेलिफोनच्या पुस्तकात नावावरून क्रमांक पाहावा, तसाच हा प्रकार. या पुस्तकास डीएनएस म्हणतात. पत्ता मिळाल्यावर ते यंत्र थेट त्या दूरच्या यंत्राकडे मागणी पाठविते आणि पान येऊन पडद्यावर उमटते. या वाटेत मध्ये कोणीच नसतो. आता या दोघांच्या मध्ये आपण एक तिसरे यंत्र बसविले, आणि विद्यार्थ्याच्या यंत्रास बजावले की "तू बाहेर स्वतः जावयाचे नाहीस, तुझे जे काय मागणे असेल ते याला सांग," तर त्या तिसऱ्या यंत्रास प्रॉक्सी म्हणतात.

प्रॉक्सी हा शब्द आमच्या माजी विद्यार्थ्यांस कॉलेजात गेल्यावर निराळ्याच अर्थाने कळतो. एकाने गैरहजर राहावे व दुसऱ्याने त्याच्या नावावर "हजर" म्हणावे, यास ते प्रॉक्सी म्हणतात. कृत्य निंद्य असले तरी शब्दाचा अर्थ त्यात बरोबर उतरला आहे. एकाच्या ऐवजी दुसऱ्याने बोलणे, असाच तो अर्थ. आपल्या जुन्या कचेऱ्यांत यास मुखत्यार हा भारदस्त शब्द आहे. ज्यास तालुक्याला जाणे शक्य नाही, तो मुखत्यारपत्र लिहून देतो; मुखत्यार त्याच्या वतीने कचेरीत जातो, बोलतो व कागद आणून देतो. आमचा मुखत्यार याहून एक काम अधिक करतो. त्याच्याजवळ सूचनांची एक यादी दिलेली आहे. कोणत्या कामास जावयाचे व कोणत्या कामास जावयाचे नाही, हे तो प्रत्येक वेळी त्या यादीत पाहतो. मुखत्यार व गाळणी यांचा हा संयोग म्हणजेच आमची व्यवस्था होय.

या मुखत्यारांचा जन्म मात्र गाळण्यासाठी झालेला नाही. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा उदय झाला. तेथील एरी लुओटोनेन आणि त्यांचे सहलेखक केव्हिन ऑल्टिस यांनी १९९४ साली प्रॉक्सीचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी जोडणी संथ व महाग होती. मुखत्याराने एकदा आणलेले पान जपून ठेवावे आणि दुसऱ्याने तेच मागितले म्हणजे बाहेर न जाता घरातूनच द्यावे, यात मोठी काटकसर होत असे. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले तेव्हा तेही टेलिफोनच्या तारेवरूनच येई, आणि एक चित्र पडद्यावर पुरे उतरेपर्यंत चहा पिऊन होत असे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९६ साली, अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या हार्वेस्ट नामक प्रकल्पातून स्क्विड हा प्रोग्रॅम निघाला. स्क्विड म्हणजे घाटाखाली कोकणपट्टीत ज्यास माकूल म्हणतात तो समुद्रजीव. हा प्रोग्रॅम कोणासही विनामूल्य वापरता येतो, त्याची घडण उघडून पाहता येते, आणि आमच्या कक्षात तोच चालतो.

मुलांसाठी गाळणी असावी की नसावी, हा विचार आपल्या प्रांतातही जुनाच आहे. सायबर कॅफे गल्लोगल्ली निघू लागले त्या दिवसांत, २००१ साली, मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली व तिचा अहवाल २००२ च्या आरंभी सादर झाला. अल्पवयीन मुलांनी बंद कप्प्यांत न बसता सर्वांच्या नजरेसमोरील उघड्या जागेतील यंत्रांवर बसावे, आणि त्या यंत्रांवर गाळणीचा प्रोग्रॅम असावा, अशा तिच्या सूचना होत्या. यांपैकी पहिली सूचना आम्हांस दुसरीइतकीच मोलाची वाटते. आमच्या कक्षातील सर्व पडदे आम्ही मधल्या वाटेकडे तोंड करून मांडले आहेत. यास खर्च काहीच आला नाही, आणि यादीस जे साधत नाही ते पुष्कळ वेळा या मांडणीने साधते.

आता प्रत्यक्ष उभारणीकडे वळू. यंत्र नवे लागत नाही. कार्यालयातून काढून टाकलेला एक जुना संगणक, चार जीबी स्मृतीचा, आमच्या कामास पुरला. त्यास नेटवर्कचे एक कार्ड असतेच. दुसरे एक विकत आणून बसविले. एका कार्डाची तार बाहेरून येणाऱ्या मोडेमला, व दुसऱ्याची कक्षातील स्विचला जोडली. या दोन कार्डांच्या मध्ये थेट वाट ठेवावयाची नाही, ही पहिली मेख होय. मधली वाट बंद असली म्हणजे कक्षातील यंत्रास बाहेर जाण्यास मुखत्यारावाचून गत्यंतर राहत नाही. एरवी एखादा हुशार विद्यार्थी आपल्या यंत्रातील प्रॉक्सीची खूण काढून टाकील आणि मागील दाराने निघून जाईल.

यंत्रावर लिनक्सची एक विनामूल्य आवृत्ती घातली आणि तिच्या भांडारातून स्क्विड उतरवून घेतला; यास अर्धा तासही लागत नाही. कक्षाकडील कार्डास १९२.१६८.१०.१ असा कायमचा पत्ता दिला. (हे आकडे येथे आपल्या लिपीत दिले असले तरी यंत्रात ते इंग्रजी आकड्यांनीच लिहावयाचे.) स्क्विड ज्या दाराशी उभा राहून मागणी ऐकतो त्या दाराचा, म्हणजे पोर्टचा, क्रमांक ठरलेला आहे, तो ३१२८. मग कक्षातील प्रत्येक संगणकावर जाऊन, जोडणीच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून हा पत्ता व हा क्रमांक लिहिला. संगणक शेकड्यांनी असतील तर हे काम आपोआप करण्याची सोय आहे. आमचे संगणक थोडे असल्याने हातानेच भागले.

खरे काम पुढेच आहे. स्क्विडच्या सर्व सूचना एका साध्या लेखी फाईलमध्ये असतात व तिचे नाव स्क्विड.कॉन्फ असे आहे. तिची रचना भूमितीच्या पुस्तकासारखी आहे. प्रथम व्याख्या, मग निकाल. व्याख्येत आपण सांगतो, की "कक्ष" म्हणजे अमुक पत्त्यांची यंत्रे. "मनाई" म्हणजे अमुक फाईलमध्ये लिहिलेली स्थळे. "परवानगी" म्हणजे तमुक फाईलमधील स्थळे. स्थळाच्या नावाआधी एक टिंब दिले म्हणजे त्याच्या सर्व उपशाखाही त्यात येतात. व्याख्यांनंतर निकालाच्या ओळी येतात. आमच्या फाईलमधील त्या ओळींचा मराठी आशय असा:

कक्षातील यंत्राने परवानगीच्या यादीतील स्थळ मागितले, तर जाऊ द्यावे.
मनाईच्या यादीतील स्थळ मागितले, तर नाकारावे.
कक्षातील यंत्राने दुसरे काहीही मागितले, तर जाऊ द्यावे.
बाकी सर्वांस नाकारावे.

येथे ध्यानात धरण्याची गोष्ट ही, की स्क्विड या ओळी वरून खाली वाचतो आणि जी ओळ प्रथम लागू पडेल तिच्यावर थांबतो. पुढचे वाचीत नाही. आम्ही पहिल्या दिवशी तिसरी ओळ दुसरीच्या वर लिहिली होती. परिणामी मनाईची यादी जागच्या जागी असूनही तिच्यापर्यंत मुखत्यार कधी पोहोचतच नव्हता, आणि सर्व काही बिनदिक्कत उघडत होते. ही चूक आम्हांस सापडली नाही. दहावीच्या एका विद्यार्थ्याने फळ्यावर ओळींचा क्रम मांडून ती दाखवून दिली. शेवटची ओळही शोभेची नव्हे. ती नसेल, आणि तिच्या आधीची ओळ नकाराची असेल, तर बाहेरचे परके लोक आपल्या मुखत्याराचा वापर करून आपल्या नावावर नको ते व्यवहार करू शकतात. फाईल बदलल्यावर ती लागू करण्यापूर्वी स्क्विडकडूनच तपासून घेण्याची एक आज्ञा आहे. तिचा आळस करू नये. एक स्वल्प चूक राहिली तरी सारा कक्ष बंद पडतो.

मनाईची यादी कोठून आणावी? जगातील सर्व अयोग्य स्थळे एका शिक्षकाने शोधून लिहून काढणे अशक्य, आणि ते काम कोणास सांगवणारही नाही. फ्रान्समधील तुलूझ येथील विद्यापीठ अशा याद्या पुष्कळ वर्षांपासून राखीत आले आहे. प्रौढांसाठीची स्थळे, जुगार, फसवणूक अशा निरनिराळ्या वर्गांत त्या वाटलेल्या असून त्या विनामूल्य मिळतात. यांपैकी मोजकेच वर्ग आम्ही घेतले. याद्या फार मोठ्या असल्याने स्क्विडने त्या थेट वाचण्यापेक्षा त्या वाचून दाखविणारा एक मदतनीस प्रोग्रॅम त्यास जोडावा लागतो. रोज रात्री यंत्र नवी यादी आपणच आणते. शिवाय शोधाच्या पानावर नको ती चित्रे येऊ नयेत म्हणून गूगलने "फोर्ससेफसर्च" नावाची एक निराळी वाट ठेविली आहे. मुखत्याराच्या यंत्रातील नावांच्या तक्त्यात गूगलच्या नेहमीच्या नावापुढे या वाटेचा अंकी पत्ता लिहिला, की कक्षातील प्रत्येक शोध त्याच वाटेने जातो.

उभारणी झाल्यावर तीन परीक्षा घ्याव्या. उघडावयाचे ते उघडते काय? न उघडावयाचे ते अडते काय? आणि संगणकातील प्रॉक्सीची खूण काढून टाकली तर सर्वच बंद होते काय? तिसरी परीक्षा पुष्कळ जण विसरतात. आमच्या मुलखात आणखी एक चौथी परीक्षा लागते, ती पावसाची. आषाढात वीज वारंवार जाते. मुखत्याराच्या यंत्रास बॅटरीचा आधार द्यावा, आणि वीज परतल्यावर ते आपोआप सुरू व्हावे अशी खूण त्यात करून ठेवावी. नाहीतर ऐन तासाला किल्ली शोधीत धावावे लागते.

आता या गाळणीच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. पूर्वी इंटरनेटवरील पाने पोस्टकार्डासारखी उघडी येत. वाटेतील कोणीही वाचावी. आज बहुतेक सर्व पाने बंद लखोट्यात येतात. संकेतस्थळाच्या पत्त्यात जे कुलूप दिसते ते याचेच चिन्ह होय. मुखत्यारास आता लखोट्यावरील नाव तेवढे दिसते, आतील मजकूर दिसत नाही. अर्थात् तो एखादे स्थळ समूळ नाकारू शकतो, परंतु त्या स्थळातील एक पान चांगले व दुसरे वाईट, असा विवेक त्यास करता येत नाही. प्रत्येक संगणकात आपले स्वतःचे प्रमाणपत्र घालून मुखत्यारास लखोटे फोडू द्यावे व पुन्हा चिकटवू द्यावे, अशी एक युक्ती आहे. ती आम्ही मुद्दाम वापरली नाही. ज्या यंत्रावर कोणी आपल्या टपालाचे वा बँकेचे काम करील, तेथे लखोटे फोडणारा मुखत्यार ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

आणि आता आमच्या चुकीची हकीकत. ती त्या घरच्या अनुमतीने, ओळख पटेल असे सर्व वगळून येथे देत आहोत.

यादीने पुरेसे समाधान न होऊन आम्ही प्रारंभी आणखी एक नियम घातला होता. ज्या स्थळाच्या नावात काही ठराविक इंग्रजी शब्द असतील ते स्थळ नाकारावे, असा तो नियम. शब्दांवरून पारख करण्याचा दोष जगास ठाऊक नव्हता असे नाही. १९९६ साली इंग्लंडातील स्कनथॉर्प गावच्या लोकांस अमेरिका ऑनलाइन या कंपनीकडे आपल्या गावाच्या नावाने नोंद करता येईना, कारण त्या नावाच्या पोटात एक इंग्रजी अपशब्द दडलेला होता. एसेक्स व ससेक्स या परगण्यांची नावेही अशा गाळणीत अडकावयाची. आणि मराठीत लिहिलेला शब्द तर त्या इंग्रजी यादीस कळावयाचाच नाही. हे सर्व आम्ही वाचले होते. तरी अधिक सावधगिरी असलेली बरी, या समजुतीने तो नियम ठेविला.

मुखत्यार प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो. तीत वेळ असते, आणि ती १ जानेवारी १९७० पासून गेलेल्या सेकंदांत लिहिलेली असते. यंत्राचा पत्ता असतो, मागितलेल्या स्थळाचे नाव असते, व नाकारले असल्यास ४०३ हा आकडा असतो. एके दिवशी ही नोंद चाळताना एकाच यंत्रावरून लागोपाठ सहा वेळा नकार गेल्याचे आम्हांस दिसले. स्थळांच्या नावांत आमच्या यादीतील एक शब्द होता. हजेरीवरून त्या जागी कोण बसले होते ते काढले, आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात, फळ्याजवळ उभे करून, काल काय शोधले जात होते, असा प्रश्न आम्ही केला. त्या मुलाने मान खाली घातली. उत्तर आले नाही. मौन म्हणजे कबुली, असे आम्ही धरले आणि आठवडाभर कक्षात येण्यास मनाई केली. वर्गात कोणी तरी हसले, तेही आम्ही ऐकले व सोडून दिले.

चार दिवसांनी त्या मुलाचे वडील रजेचा अर्ज घेऊन आले. आईला उपचारासाठी मुंबईस न्यावयाचे होते. स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान होते. या रोगाविषयी माहिती देणाऱ्या कित्येक संस्थांच्या नावातच त्या अवयवाचे इंग्रजी नाव आहे, आणि तोच शब्द आमच्या यादीत होता. आपली आई बरी होईल की नाही, एवढेच त्या मुलास जाणून घ्यावयाचे होते. घरी विचारण्याचे धैर्य नव्हते म्हणून शाळेत विचारले, आणि शाळेने सहा वेळा दार लावले व सातव्या वेळी चारचौघांत उभे केले.

यंत्राने शब्द तेवढा पाहिला, कारण त्यास दुसरे काही पाहता येत नाही. आम्हांस पाहता येत होते, आणि आम्हीही शब्दच पाहिला. त्याच वर्गात, त्याच फळ्यापाशी उभे राहून, चूक आमची होती व मनाई रद्द केली आहे, असे आम्ही सांगितले. कारण सांगितले नाही; ते सांगण्याचा हक्क आमचा नव्हता. त्या मुलाने मान हलविली. तेवढ्याने झालेली गोष्ट न झाल्यासारखी होत नाही, हे आम्ही जाणतो. त्या माउलीचे उपचार पुढे नीट पार पडले, हे लिहिताना समाधान वाटते. परंतु त्यात आमचे श्रेय काही नाही.

त्यानंतर व्यवस्थेत जे बदल केले ते पालकांस ठाऊक असावेत. शब्दांचा नियम समूळ काढून टाकला. परवानगीची यादी वाढविली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे स्थळ, पाठ्यपुस्तकांसाठी बालभारती, आणि आपल्या शेजारच्या वाई येथे ज्याचे कार्य चालत आले तो मराठी विश्वकोश, ही तीत अगदी वर आहेत. दहावीच्या विज्ञानातील प्रजननाचा पाठ अभ्यासताना कोणाची वाट अडणार नाही, हे पाहिले. नोंदी चौदा दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. त्या पाहावयाच्या झाल्यास दोन शिक्षकांनी मिळून पाहावयाच्या, आणि त्यांवरून कोणत्याही विद्यार्थ्यास वर्गात प्रश्न करावयाचा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा जो कायदा २०२३ साली झाला त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकास मूल मानले आहे व मुलांच्या माहितीविषयी विशेष काळजी सांगितली आहे. परंतु कायदा नसता तरी हे करणे आमचे कर्तव्यच होते.

आणखी एक बदल केला, तो यंत्राबाहेरचा. बंद लखोट्याचे स्थळ मुखत्याराने नाकारले असता त्यास आपले कारण पडद्यावर दाखविता येत नाही. जोडणी नाकारली, अशी एक कोरडी इंग्रजी ओळ तेवढी दिसते, आणि भित्र्या मुलास ती आरोपासारखी वाटते. म्हणून कक्षाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविले आहे, की स्थळ उघडले नाही तर आपण अपराधी आहो असे कोणी समजू नये. यंत्राचीही चूक होते. त्याखाली दोरीने बांधलेली एक वही आहे. अडलेल्या स्थळाचे नाव तीत लिहावे. आपले नाव लिहिण्याची सक्ती नाही, कारण सांगण्याचीही नाही. त्याच दिवशी स्थळ पाहून, योग्य असल्यास ते खुले केले जाते, आणि नसल्यास का नाही ते त्या ओळीपुढे लिहिले जाते.

हा विचार केवळ आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत २००० साली असा कायदा झाला, की सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळा व ग्रंथालये यांनी मुलांसाठी गाळणी बसविलीच पाहिजे. ग्रंथालयांच्या वतीने यावर वाद होऊन तो तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००३ साली न्यायालयाने कायदा कायम ठेविला. त्यास जी कारणे दिली त्यांपैकी एक असे होते, की गाळणीने चुकीने काही अडविले तर प्रौढ वाचक ग्रंथपालास सांगून ते खुले करून घेऊ शकतो. म्हणजे गाळणी न्याय्य ठरली ती तिच्याशेजारी एक माणूस बसलेला आहे या भरवशावर. आमच्या वहीचा अर्थ याहून निराळा नाही.

पालकांस येथे दोन शब्द. शाळेची गाळणी शाळेच्या तारेपुरती आहे. मुलाच्या हातातील मोबाईल आपल्या सिमकार्डावरून बाहेर जातो. त्याच्या वाटेत आमचा मुखत्यार नाही. घरी इतका खटाटोप करण्याची गरजही नाही. घरात वायफाय असेल तर त्याच्या राउटरमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ हा पत्ता लिहावा. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०२० साली कुटुंबांसाठी खुली केलेली ही सोय आहे. प्रौढांसाठीच्या आणि फसव्या स्थळांचे पत्ते ती सांगतच नाही. अँड्रॉइडच्या बहुतेक नव्या मोबाईलवर "प्रायव्हेट डीएनएस" या सेटिंगमध्ये त्याच सोयीचे नाव लिहिता येते. पाच मिनिटांचे काम आहे. कोणास अडचण पडल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर मोबाईल घेऊन कक्षात यावे. मात्र हे मुलाच्या पाठीमागे करू नये. त्यास जवळ बसवून, काय करीत आहो व का करीत आहो, हे सांगून करावे. चोरून लावलेले कुलूप मुलास कुलूप उघडण्यास शिकविते.

या बाबतीत आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याने एक धडा घालून दिला आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ साली गावकऱ्यांनी ठरविले, की रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजावा, आणि त्यानंतर दीड तास घरोघरी दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा. करोनाच्या साथीत शिक्षण मोबाईलवर आले आणि साथ ओसरल्यावरही तो मुलांच्या हातून सुटेना, म्हणून हा उपाय निघाला. या व्यवस्थेत ना यादी, ना पोर्ट, ना प्रोग्रॅम. तीत विशेष ते हेच, की भोंगा वाजला म्हणजे आई-बापांचाही मोबाईल बाजूस ठेवला जातो. मुलांस जे सांगावयाचे ते वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः करावे, इतकी साधी ती गोष्ट आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुम्ही शाळेतून गेल्यावर तुमच्या वाटेत कोणी मुखत्यार उभा असणार नाही. स्थळ उघडावे की न उघडावे, याचा निकाल तुम्हांसच करावा लागेल. तोपर्यंत ही गाळणी आहे. ती तुमच्यावर अविश्वास म्हणून बसविलेली नाही, आणि ती चुकत नाही असेही आमचे म्हणणे नाही. ती चुकली तर दाराशी वही आहे, आणि वही वाचणारा माणूस आहे. वहीत लिहिण्याचाही संकोच वाटेल असे काही विचारावयाचे असेल, तर मधल्या सुटीत आम्ही कक्षातच असतो. दार उघडे असते. आम्ही आधी ऐकून घेऊ.